दोन नद्यांमधील जिल्हा

जंजिऱ्यासारख्या बेटाची शीव कोणास आंखावी लागत नाहीं. समुद्र ती आंखून ठेवतो, आणि तिच्यासंबंधीं वाद घालण्यास कोणी जात नाहीं. घाटावरच्या व वऱ्हाडांतल्या जिल्ह्यांची गोष्ट निराळी. तेथें एका गांवचें शेत संपतें, दुसऱ्या गांवचें सुरू होतें, आणि मध्यें एखादा दगड किंवा निंबाचें झाड एवढीच काय ती खूण असते. यवतमाळ जिल्हा या दोहोंच्या मधल्या जातीचा आहे. नकाशा समोर घेऊन पाहिलें असतां ईशान्येस व पूर्वेस वर्धा नदी, दक्षिणेस पैनगंगा, आणि वणी तालुक्यांत जुगाद गांवाजवळ या दोन्ही नद्यांचा संगम, अशी त्याची आकृति दिसते. उत्तरेस अमरावतीकडे व पश्चिमेस वाशीमकडे जमिनीचा मोकळा रस्ता आहे. बाकीच्या बाजूंनीं पाणी आहे.

अशा सीमेस शाळेंतील पुस्तकें नैसर्गिक सीमा म्हणतात. परंतु नदी निसर्गानें निर्माण केली, तरी तिला सीमा करण्याचें काम माणसांनीं केलें, आणि तें तहाच्या कागदावर केलें. या जिल्ह्याची घडण कशी झाली, त्याचा कारभार कोठून कोठें गेला, आणि आज तो कारभार शेवटच्या गांवापर्यंत कितपत पोंचतो, हें क्रमानें पाहण्यासारखें आहे.

प्रथम भूगोलाचा विचार करूं. जिल्ह्याचें क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर असून २०११ सालच्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली. अजंठ्याच्या डोंगरांचे फांटे पश्चिमेकडून या जिल्ह्यांत शिरतात व मधल्या भागांत उंचवट्याचें पठार करतात. यवतमाळ शहर त्याच पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचौदाशें फूट उंचीवर वसलें आहे. माथ्यावर पडलेलें पावसाचें पाणी दोहों बाजूंस वांटलें जातें. बेंबळा नदी उत्तरेकडील पाणी घेऊन वर्धेस मिळते. पूस, अडाण, अरुणावती, वाघाडी, खुनी या नद्या दक्षिणेकडे वळतात, आणि कोणी थेट तर कोणी दुसरीस मिळून पैनगंगेस जातात. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यांत अजंठ्याच्या डोंगरांत उगम पावते. वर्धेचा उगम मध्यप्रदेशांत मुलताईजवळ आहे. संगमानंतर हें सर्व पाणी वर्धेच्या नांवानें पुढें जाऊन वैनगंगेस भेटतें, तेथून त्यास प्राणहिता म्हणतात, आणि अखेरीस गोदावरीच्या द्वारें तें पूर्वसमुद्रास पोंचतें. पैनगंगा उमरखेडच्या बाजूस सहस्रकुंड येथें खडकांवरून खालीं उडी घेते. तो धबधबा नांदेड व यवतमाळ या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच आहे.

जमिनीचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. नद्यांच्या कांठीं काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन आहे. तिनेंच या जिल्ह्यास कापसाचा जिल्हा केलें. डोंगराच्या उतारावर व माथ्यावर मुरमाड, बरड जमीन आहे. तीवर सागाचें जंगल वाढतें, पण शेत मात्र पावसानें चार दिवस ओढ दिली कीं करपूं लागतें. वणीकडे पायाखालचा खडकच बदलतो. तेथें काळ्या पाषाणाचा थर संपतो व चुनखडीचे आणि कोळशाचे थर लागतात. म्हणून पुसदच्या शेतकऱ्याची दृष्टि आभाळाकडे असते, तर वणीच्या मजुराची बरेच वेळां खाणीच्या भोंग्याकडे. पूस, अरुणावती, बेंबळा यांवर धरणें झालीं, पैनगंगेवर ईसापूरचें मोठें धरण झालें. तरी जिल्ह्यांतील शेतीचा फार मोठा भाग आजहि पावसावर अवलंबून आहे.

जमिनीप्रमाणें वस्तीचेहि प्रकार आहेत. काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत मोठालीं गांवें व बाजारपेठा आहेत. केळापूर, घाटंजी, मारेगांव, झरी जामणी या भागांत गोंड, परधान व कोलाम यांची वस्ती आहे. कोलामांच्या लहानशा वाडीस तेथें पोड म्हणतात. पुसद व उमरखेडकडे आंध लोक आहेत, आणि पुसद, दिग्रस, महागांव या बाजूस बंजाऱ्यांचे तांडे आहेत. मराठी ही सर्वांची व्यवहाराची भाषा. पण घरांत गोंडी, कोलामी किंवा बंजारी बोलणारीं माणसें पुष्कळ आहेत, आणि पैनगंगेच्या कांठीं तेलुगुहि कानीं पडते. कारभार कोणत्या भाषेंत चालावा, हा प्रश्न येथें पुस्तकी नाहीं. कोलाम म्हातारीस तलाठ्याची नोटीस कोणी तरी समजावून सांगावी लागते.

आतां इतिहास पाहूं. हा मुलूख प्राचीन विदर्भाचा भाग. वाकाटक, राष्ट्रकूट, यादव यांचें राज्य त्यावर होऊन गेलें. यादवांनंतर तो मुसलमानी अमलाखालीं आला. बहामनी राज्य मोडल्यावर एलिचपूरच्या इमादशाहीकडे, १५७४ सालीं अहमदनगरच्या निजामशाहीकडे, व १५९६ सालीं मोगलांकडे वऱ्हाड गेलें. वणीकडील पूर्वभागावर चांद्याच्या गोंड राजांचा प्रभाव होता. अबुल फजलाच्या ऐने-अकबरींत वऱ्हाड सुभ्याची जी वांटणी दिली आहे, तींत आजच्या जिल्ह्याचा बराच भाग कळंब व माहूर या दोन सरकारांत पडतो. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग, आणि परगणा म्हणजे त्याचा पोटविभाग. म्हणजे त्या काळीं कारभाराचीं गादीचीं ठिकाणें दोन होतीं, एक कळंब व दुसरें माहूर. यवतमाळ हें केवळ एका परगण्याचें ठाणें होतें, आणि त्याचा उल्लेख योत-लोहारा असा आढळतो. लोहारा हें गांव शहराच्या पश्चिमेस अगदीं जवळ आहे. मूळ नांव यवत किंवा येवता, आणि पुढचें 'माळ' हें 'महाल' या शब्दाचें झिजलेलें रूप, अशी या नांवाची फोड ग्यासेटियरकारांनीं दिली आहे. ती खरी मानली तर यवतमाळ या शब्दांतच महालाची, म्हणजे परगण्याची, कारभारी खूण दडलेली आहे.

१७२४ सालीं निजाम-उल्मुल्क दक्षिणेंत स्वतंत्रपणें वागूं लागला. पुढें नागपूरकर भोंसल्यांनीं वऱ्हाडांत आपला वसुलीचा हक्क बसविला. एकाच गांवांतून निजामाचे व भोंसल्यांचे असे दोघांचे कमाविसदार वसूल नेऊं लागले. रयतेस दोन धनी झाले. परंतु रक्षण करण्याच्या वेळीं त्यांपैकीं कोण येईल, याचा भरंवसा उरला नाहीं.

वर्धा नदी सीमा झाली ती १८०३ सालीं. त्या वर्षीं डिसेंबर महिन्यांत देवगांवचा तह झाला व इंग्रजांकडून पराभूत झालेल्या भोंसल्यांस वर्धेच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडावा लागला. नदीच्या अलीकडचा प्रदेश निजामाचा ठरला. जी नदी तोंपर्यंत दोन्ही कांठच्या लोकांची पाणवठ्याची व नावेची नदी होती, ती दोन राज्यांची शीव झाली. पंधरा वर्षांनीं, एप्रिल १८१८ मध्यें, पळतीवर असलेल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या फौजेस पांढरकवड्याच्या बाजूस शिवणी येथें कर्नल अ‍ॅडम्स यानें गांठलें व तिची दाणादाण केली. मराठेशाहीच्या अखेरच्या अंकांतील एक प्रवेश असा या दोन नद्यांमधील मुलखांत झाला.

पैनगंगेची पाळी १८५३ सालीं आली. निजामाच्या खर्चानें ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा पगार थकला होता. त्याची फेड म्हणून त्या वर्षींच्या तहानें वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यांत देण्यांत आला. पैनगंगेच्या उत्तरेस इंग्रजी अंमल व दक्षिणेस निजामशाही अशी स्थिति झाली. माहूर नदीच्या दक्षिण तीरावर असल्यामुळें निजामाकडे राहिलें. ज्या माहूर सरकारांत उत्तर तीरावरचीं गांवें शतकानुशतकें मोडत होतीं, तें माहूर त्या गांवांस परमुलूख झालें. रेणुकामातेच्या व दत्तात्रेयाच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू पूर्वीप्रमाणेंच नदी उतरून जात राहिले. परंतु नदीच्या एका तीरावर एक कायदा व दुसऱ्या तीरावर दुसरा, अशी व्यवस्था १९५६ पर्यंत, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षें चालली.

वऱ्हाडची अंतर्गत वांटणी इंग्रजी अमलांत अनेकदां बदलली. १८६४ सालीं अमरावतीकडचा आग्नेय भाग तोडून एक नवा जिल्हा करण्यांत आला. त्यास प्रथम आग्नेय वऱ्हाड व पुढें वणी जिल्हा असें नांव मिळालें. त्यांत यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी हे तालुके होते. गंमत अशी कीं, जिल्ह्यास नांव वणीचें व कचेरी मात्र यवतमाळास. ही विसंगति १९०५ सालीं मिटली. त्या वर्षीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना होऊन वाशीम जिल्हा मोडला, त्यांतील पुसद तालुका इकडे जोडला गेला, आणि पांच तालुक्यांच्या या जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. आजच्या जिल्ह्याचा सांगाडा तो हाच. मोडलेला वाशीम जिल्हा मात्र १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा होऊन पुन्हां अस्तित्वांत आला. प्रशासनांत एकदां पुसलेली रेघ कायमची पुसली जाते असें नाहीं, याचें हें उदाहरण आहे.

नव्या जिल्ह्यांत ओसाड जमीन फार होती. ती लागवडीस आणण्यासाठीं सरकारनें १८६५ च्या सुमारास इजाऱ्याची पद्धति सुरू केली. इजारदारानें पडीत गांव घ्यावें, कुळें आणून बसवावीं व जमीन वहितीस आणावी, असा तो व्यवहार. जिल्ह्यांतील अनेक गांवांच्या नांवापुढें 'इजारा' हा शब्द आजहि लागतो, तो त्या वेळची आठवण आहे. दुसरीकडे जंगलाचे मोठमोठे भाग राखीव झाले. ज्या गोंडाची व कोलामाची गुरें त्या रानांत चरत, त्यास आतां गवताच्या भाऱ्यासाठीं परवाना लागूं लागला. १९३० सालच्या जुलै महिन्यांत वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसदच्या राखीव रानांत गवत कापून जंगल सत्याग्रह केला. समुद्रकांठीं मिठासाठीं जो लढा झाला, तो या समुद्रहीन जिल्ह्यांत गवतासाठीं झाला. दोहोंचा अर्थ एकच होता. जें निसर्गानें सर्वांस दिलें त्यावर कचेरीचा शिक्का कोणी व कोणाच्या हितासाठीं मारावा, हा तो प्रश्न.

राजधानीचें स्थित्यंतर तर याहून मोठें आहे. १९०३ पर्यंत वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडून चाले. १९०२ सालीं निजामाबरोबर नवा करार होऊन सालिना २५ लाख रुपये खंडानें वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे आलें, व पुढच्या वर्षीं तें मध्यप्रांतास जोडलें गेलें. तेव्हांपासून नागपूर ही राजधानी झाली. १९५० सालीं प्रांताचें नांव मध्यप्रदेश झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ व मराठवाडा हे दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यांत आले, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. स्वतंत्र विदर्भाची शिफारस राज्य पुनर्रचना आयोगानें १९५५ सालीं केली होती, ती अमलांत आली नाहीं. अशा रीतीनें यवतमाळच्या शेतकऱ्याचा कागद प्रथम हैदराबादेस, मग नागपुरास व आतां मुंबईस जातो. त्याचें गांव जेथल्या तेथेंच आहे. पैनगंगेचा वरचा भाग एकाच राज्यांतील दोन जिल्ह्यांची शीव झाला. खालचा भाग मात्र आजहि महाराष्ट्र व तेलंगण या दोन राज्यांमधली सीमा आहे.

आतां आजच्या कारभाराकडे वळूं. वऱ्हाडांतील जुन्या डेप्युटी कमिशनरच्या जागीं आज जिल्हाधिकारी आहे. जमीन-महसूल, निवडणुका, पूर-दुष्काळाचें निवारण हीं त्याचीं मुख्य कामें. त्याच्या हाताखालीं उपविभागीय अधिकारी, तालुक्यास तहसीलदार, व गांवच्या दप्तरास तलाठी अशी उतरंड आहे. दुसरी उतरंड लोकनियुक्त संस्थांची आहे. १९४८ सालीं जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत तालुकानिहाय जनपदसभा स्थापण्याचा प्रयोग झाला होता. १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषद, पंचायत समिति व ग्रामपंचायत ही त्रिस्तरी रचना आली. शाळा, दवाखाना, गांवचा रस्ता, पिण्याचें पाणी यांसाठीं सामान्य माणसाचा संबंध या दुसऱ्या उतरंडीशीं येतो. सातबारा, दाखले व नुकसानभरपाई यांसाठीं तो पहिलीशीं येतो. पुष्कळांचा निम्मा वेळ कोणतें काम कोणत्या दारीं आहे, हें शोधण्यांतच जातो.

पांच तालुक्यांचे टप्प्याटप्प्यानें सोळा तालुके झाले. यवतमाळ, बाभुळगांव, कळंब, राळेगांव, घाटंजी, केळापूर, वणी, मारेगांव, झरी जामणी, दारव्हा, नेर, दिग्रस, आर्णी, पुसद, महागांव व उमरखेड हे ते तालुके होत. केळापूर तालुक्याची कचेरी पांढरकवड्यास आहे. तालुके वाढण्याचें कारण सरळ आहे; तहसील कचेरींत जाऊन त्याच दिवशीं घरीं परतता यावें, ही माणसाची साधी अपेक्षा. ती तालुक्याच्या बाबतींत बरीच पुरी झाली. जिल्ह्याच्या बाबतींत झाली नाहीं. यवतमाळ शहर जिल्ह्याच्या उत्तर भागांत आहे. पुसद तेथून शंभर किलोमीटरांच्या आसपास, वणी व उमरखेड त्याहूनहि दूर. वणीच्या माणसास चंद्रपूर जवळ पडतें, उमरखेडच्या माणसास नांदेड जवळ पडतें. पूर्वी दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी अरुंद रुळांची गाडी होती, तीहि आतां बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा लोहमार्ग बांधला जात असून त्यांतील वर्धा ते कळंब हा भाग २०२४ सालीं सुरू झाला.

लोकसभेच्या मतदारसंघांकडे पाहिलें तर हें अंतर अधिकच स्पष्ट होतें. २००८ सालच्या फेररचनेपासून या एका जिल्ह्याची वांटणी तीन लोकसभा मतदारसंघांत झाली आहे. मधला व पश्चिमेचा भाग यवतमाळ-वाशीममध्यें, वणी व आर्णी हे विधानसभेचे मतदारसंघ चंद्रपूरमध्यें, आणि उमरखेड हिंगोलीमध्यें. म्हणजे जिल्ह्याचा जिल्हाधिकारी एक आणि खासदार तीन. नदी जिल्ह्यास एकत्र बांधते, तर मतदारसंघ ती गांठ सोडतात. पुसदचा वेगळा जिल्हा करावा ही मागणीहि जुनी आहे. पुसद तालुक्यांतील गहुली या गांवानें वसंतराव नाईक व सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्रास दिले. तरी ती मागणी पुरी झालेली नाहीं. नवा जिल्हा म्हणजे नव्या इमारती, नवे अधिकारी व नवा खर्च. त्या खर्चाच्या मानानें रयतेचा फायदा किती, हा विचार सरकारास करावा लागतो हें खरें. पण दाखल्यासाठीं दोन दिवसांची मजुरी बुडविणाऱ्याचा खर्च कोणत्याहि अंदाजपत्रकांत मांडला जात नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

दुर्गम भागासाठीं कायद्यानें कांहीं निराळी सोय केली आहे. १९८५ सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें या जिल्ह्यांतील मारेगांव, राळेगांव, केळापूर व घाटंजी या तालुक्यांतील कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत आलीं. अशा गांवांत १९९६ च्या पंचायतविषयक कायद्यानें ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आहेत, व २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. १९३० सालीं गवताच्या पेंढीपासून निघालेल्या प्रश्नाचें हें उशिरा मिळालेलें उत्तर होय. पांढरकवडा व पुसद येथें आदिवासी विकास प्रकल्पाचीं कार्यालयेंहि आहेत. कायदा आहे, कार्यालय आहे. उरतें तें पोडावरच्या माणसास त्याची वाट ठाऊक करून देणें.

अंतर म्हणजे काय, हें पुराच्या वेळीं समजतें. जुलै २०२३ मध्यें जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली आणि महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांड्यास पाण्याचा वेढा पडला. तेथें अडकलेल्या लोकांच्या सुटकेसाठीं हवाईदलाचीं हेलिकॉप्टरें पाठवावीं लागलीं. त्या दिवशीं तो तांडा समुद्रांतल्या बेटासारखाच झाला होता. अशा वेळीं गांवांत असतो तो पोलीस पाटील, हाकेच्या अंतरावर असला तर तलाठी, आणि तालुक्यास तहसीलदार. वरची मदत येईपर्यंतचे जे तास असतात, ते याच माणसांनीं काढावयाचे असतात. दुष्काळाचें वर्ष पुरापेक्षां सावकाश येतें, पण नियम तोच लागूं पडतो. पीक बुडाल्याचा पंचनामा वेळेवर झाला तर शेतकरी पुढच्या पेरणीस उभा राहतो. तो महिनाभर रेंगाळला तर शेतकरी कर्जाच्या दारीं जातो. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होतें. कापसाच्या या जिल्ह्यांत कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत होत्या, म्हणून ती योजना करावी लागली. एवढ्या मोठ्या रकमेचाहि उपयोग शेवटीं तलाठ्याच्या वहींत नांव बरोबर लागण्यावर अवलंबून असतो.

कळंब व माहूर हीं गादीचीं ठिकाणें गेलीं, वणीचें नांव गेलें, हैदराबाद व नागपूर या राजधान्या गेल्या, आणि पांचांचे सोळा तालुके झाले. वर्धा व पैनगंगा मात्र होत्या तेथेंच वाहत आहेत. या दोन नद्यांमधील जिल्हा चांगला चालला आहे कीं नाहीं, हें यवतमाळच्या कचेरींत बसून ठरत नाहीं. झरी जामणीच्या पोडावरून किंवा उमरखेडच्या नदीकांठावरून निघालेला अर्ज किती दिवसांत कचेरींत पोंचतो, आणि त्याचें उत्तर किती दिवसांत परत जातें, हें मोजावें. म्हणजे जिल्ह्याचें खरें क्षेत्रफळ कळेल.